मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकणारा पीसी: कॅबिनेट आणि कूलिंग निवडण्याचा क्रम

परभणी, नांदेड, बीड, जालना, कुठेही बघा, मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास गेला की तेच प्रश्न सुरू होतात. पीसी नवाच आहे, पण दुपारी गेम अडखळतो. व्हिडिओ रेंडर करताना फॅन किंचाळतात. लिक्विड कूलर बसवला तरी प्रोसेसर ९५ वर. यात पार्ट खराब असण्याची वेळ क्वचितच येते. चुकलेला असतो तो खरेदीचा क्रम: आधी काचेचं, लाइटवालं कॅबिनेट पसंत करायचं, मग त्यात बसेल तो कूलर शोधायचा, आणि खोली किती तापते ते कोणीच मोजायचं नाही.

क्रम असा ठेवा: खोली, वॅट, कॅबिनेट, कूलर, फॅन, जोडणी, चाचणी आणि शेवटी देखभाल. पहिल्या दोन टप्प्यांना एक पैसा लागत नाही, आणि नेमके तेच टाळले जातात.

## टप्पा १: खोलीचं तापमान मोजा

पीसी जिथे ठेवणार तिथेच, टेबलाच्या उंचीवर, साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा. दुपारी ३ ते ५ या वेळात, दारं-खिडक्या रोज असतात तशाच ठेवून मोजा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर रात्री ९ लाही एकदा बघा. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि बहुतेकांचं गेमिंग त्याच वेळी चालतं. खरेदी हिवाळ्यात करत असाल तर स्लॅबच्या खोलीसाठी ४० अंश धरा, पत्र्याखालच्या खोलीसाठी ४३. खोली गार करणारा पाण्याचा कूलर कायम चालू राहणार असेल तर ३३ ते ३५ धरायला हरकत नाही.

हा आकडा का हवा? प्रोसेसरचा कूलर, हवेचा असो की लिक्विडचा, शेवटी उष्णता खोलीतल्या हवेतच टाकतो. खोलीपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. यूट्यूबवरच्या चाचण्या बहुतेक २० ते २५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर राहिला, म्हणजे कूलरने खोलीपेक्षा ५३ अंशांची वाढ रोखून धरली. तोच कूलर, तेच काम, खोली ४० ची: आकडा थेट ९३. म्हणून चाचणीतलं तापमान बघू नका, खोलीपेक्षा किती वाढ झाली ते बघा.

हिशेब सोपा आहे. प्रोसेसरच्या कमाल मर्यादेतून १० अंश राखीव काढा, खोलीचं तापमान वजा करा आणि कॅबिनेटच्या आतल्या गरम हवेसाठी आणखी ५ वजा करा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे: ९५ वजा १० वजा ४० वजा ५, उरले ४० अंश. तुमच्या वॅटला ज्या कूलरची वाढ ४० अंशांच्या आत राहते तो तुमचा कूलर.

## टप्पा २: वॅटचा हिशेब

खोक्यावर ६५ वॅट लिहिलंय म्हणून ६५ धरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. तो मूळ वेगाचा आकडा असतो. जोर लागला की प्रोसेसर त्याच्या पुष्कळ वर जातो:

- इंटेल आय५-१२४००एफ: लिहिलेले ६५, जोरात ११७ वॅटपर्यंत
- रायझन ५ ७६००: लिहिलेले ६५, मर्यादा ८८
- इंटेल आय५-१४६००के: लिहिलेले १२५, जोरात १८१
- इंटेल आय७-१४७००के: लिहिलेले १२५, जोरात २५३
- रायझन ९ ७९५०एक्स: लिहिलेले १७०, मर्यादा २३०

रायझन ७ ७८००एक्स३डी घेणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. तो वॅट कमी खातो, पण त्याची तापमान मर्यादा ८९ आहे. म्हणजे वरच्या हिशेबात सहा अंश आधीच गेले.

आता ग्राफिक्स कार्ड. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, आरएक्स ७६०० ला १६५, आरटीएक्स ५०७० ला २५०. प्रोसेसरपेक्षा ही उष्णता बहुधा जास्त असते आणि ती कॅबिनेटच्या आतच सोडली जाते. प्रोसेसर, कार्ड आणि बाकीच्यांसाठी ५० वॅट अशी बेरीज करा. २५० च्या आत असेल तर कॅबिनेट निवडायला भरपूर मोकळीक आहे. ३५० च्या वर गेली तर समोर जाळी नसलेलं कॅबिनेट यादीतून सरळ काढून टाका.

बजेट अजून ठरायचं असेल तर एक स्पष्ट मत: आपल्या हवामानात एक्स किंवा के अक्षराच्या प्रोसेसरपेक्षा साधा प्रोसेसर घ्या आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. गेममध्ये फरक थोडाच पडतो, उष्णतेत मोठा पडतो.

## टप्पा ३: कॅबिनेट

कूलरच्या आधी कॅबिनेट, कारण आत ताजी हवाच येत नसेल तर महागडा कूलरही तीच गरम हवा घुसळत बसतो.

समोरची बाजू. समोर पूर्ण काच किंवा पूर्ण प्लास्टिक आणि कडेला बोटभर फट, असं कॅबिनेट घेऊ नका. समोर जाळी हवी. दुकानात गेलात तर समोरचं पॅनल काढायला सांगा आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा. उजेड सगळीकडून आरपार दिसला तर हवाही जाईल. ठिपक्याठिपक्याने दिसला तर जाळी फक्त शोभेची आहे. दोन बाजूंना काच असलेली कॅबिनेट बाजूने आणि खालून हवा घेतात. ती वाईट नसतात, पण खालचे फॅन फरशीवरची धूळ ओढतात आणि तिथल्या सगळ्या जागा फॅनने भराव्या लागतात, म्हणजे खर्च वाढतो.

धुळीची जाळी. समोर, खाली आणि वर, तिन्ही ठिकाणी काढता येणारी बारीक जाळी बघा. खालची जाळी मागून ओढण्याऐवजी समोरून किंवा बाजूने निघत असेल तर फार सोय होते. जी जाळी काढायला पीसी आडवा करावा लागतो ती कोणी साफ करत नाही.

मापं. ही कागदावर लिहून घ्या:

- कूलरची उंची: कॅबिनेटची मर्यादा कूलरपेक्षा किमान ५ मिमी जास्त हवी. दोन टॉवरचे (धातूच्या पात्यांचे दोन उभे गठ्ठे असलेले) कूलर साधारण १५५ ते १६८ मिमी उंच असतात. एखादं मायक्रो एटीएक्स (लहान मापाचं) कॅबिनेट १६० लाच थांबतं.
- कार्डाची लांबी: कॅबिनेटवर ३४० मिमी लिहिलंय, पण समोर लिक्विड कूलरचा रेडिएटर (पाणी गार करणारा पात्यांचा भाग) लावला तर त्यातून ५२ मिमी जातात, २७ रेडिएटरचे आणि २५ फॅनचे. उरतात २८८. तीन फॅनची बरीच कार्डं ३०० च्या वर असतात.
- कार्डाची रुंदी: कार्डाला वीज देणारी वायर १२व्हीएचपीडब्ल्यूआर किंवा १२व्ही-२x६ प्रकारची असेल तर कनेक्टरपासून सुमारे ३५ मिमी सरळ जाऊन मगच ती वळायला हवी. काच दाबून वायर वाकवली की कनेक्टर नीट बसत नाही आणि तापतो.
- मदरबोर्ड: एटीएक्स ३०५ × २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४. मोठं कॅबिनेट लहान बोर्डाला चालतं, उलट नाही.

सोबत आलेले फॅन. स्वस्त कॅबिनेटमध्ये चार-सहा लाइटवाले फॅन फुकट मिळतात. त्यांची पिन बघा. चौकोनी मोठ्या पिनने थेट एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) जोडायचे असतील तर त्यांचा वेग बदलता येत नाही. मदरबोर्डला जाणारे ४ पिनचे दोन-तीन फॅन असल्या सहा फॅनपेक्षा उपयोगी.

एसएमपीएसची जागा. खाली हवी, वेगळ्या कप्प्यात, खालून हवा घेणारी आणि जाळी असलेली. एसएमपीएस घेताना पूर्ण वॅट ४० अंशांवर मिळतात की ५० वर, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. आपल्याकडे ५० वालाच घ्या, कारण कॅबिनेटमधली हवा ४० ओलांडतेच.

> सावधान: कॉम्प्युटर टेबलाला खाली जो बंद खण असतो, त्यात कॅबिनेट ठेवू नका. मागून निघालेली गरम हवा तिथेच फिरून समोरून परत आत जाते. मागे भिंतीपासून किमान ४ इंच, समोर एक फूट मोकळं. फरशीवर ठेवायचंच असेल तर स्टँड वापरा. सतरंजीवर अजिबात नाही, खालचा एसएमपीएस गुदमरतो.

## टप्पा ४: कूलर

लिक्विड म्हणजे जास्त थंड, हा समज इथे घट्ट आहे. लिक्विड कूलर उष्णता पाण्याने रेडिएटरपर्यंत नेतो आणि तिथे पुन्हा फॅन आणि खोलीचीच हवा. पाणी तापायला वेळ लागतो म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडे छान दिसतात. तासभराच्या रेंडरनंतर खरा आकडा समोर येतो.

वॅटप्रमाणे निवड अशी करा:

१०० वॅटपर्यंत एक टॉवर, चार हीटपाइप (उष्णता पात्यांपर्यंत नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या), एक १२० मिमी फॅन पुरतो. रायझन ५ ७६०० सोबत येणारा छोटा कूलर नांदेडच्या मे महिन्यात काम भागवेल, पण आवाज करेल आणि मर्यादेच्या काठावर राहील. तो फेकू नका, अडीअडचणीला ठेवा.

१०० ते १८० वॅटसाठी दोन टॉवर, सहा हीटपाइप, दोन फॅन. मराठवाड्यातल्या बहुसंख्य गेमिंग आणि एडिटिंग पीसींसाठी हाच योग्य कूलर आहे. यात बिघडण्यासारखा एकच भाग, फॅन, आणि तो कोणत्याही तालुक्याच्या दुकानातून आणून अर्ध्या तासात बदलता येतो.

त्याच्या वर ३६० मिमीचा लिक्विड कूलर, किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वॅटवर मर्यादा. २४० चा लिक्विड कूलर बहुतेक वेळा चांगल्या दोन टॉवरपेक्षा फारसा पुढे नसतो, आणि पंप बंद पडला की तो वॉरंटीसाठी पुण्या-मुंबईला पाठवून वाट बघत बसावं लागतं. शिवाय सीलबंद पाणीही नळ्यांमधून वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं उडतच असतं, आणि गरमीत जास्त. पाच-सहा वर्षांनी तो बदलावा लागेल हे धरूनच घ्या.

घेण्याआधी तीन गोष्टी बघा:

1. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा. इंटेलच्या एलजीए १७०० ची भोकं ७८ मिमीवर आहेत, जुन्या एलजीए १२०० ची ७५ वर. जुना कूलर वापरायचा तर १७०० चा ब्रॅकेट मागवा, ओढूनताणून बसवू नका. रायझनच्या एएम५ बोर्डाची मागची पट्टी निघत नाही. स्वतःची पट्टी मागणारा कूलर त्यावर बसत नाही.
2. रॅमची उंची. लाइटवाली रॅम ४२ ते ४५ मिमीपर्यंत जाते. कूलरचा पुढचा फॅन तिच्यावर आला तर तो वर सरकवावा लागतो, आणि कूलरची एकूण उंची तेवढीच वाढते. मग ती काचेला लागते. साधी ३१-३४ मिमीची रॅम घ्या, प्रश्नच मिटतो.
3. रेडिएटरची जागा. वर लावायचा असेल तर बोर्डाच्या कडेपासून छतापर्यंत ५५ मिमी तरी हवेत.

> तपासणी: पैसे देण्याआधी कागदावर पाच आकडे असले पाहिजेत: खोलीचं तापमान, प्रोसेसरचे खरे वॅट, कूलरची उंची आणि कॅबिनेटची मर्यादा, कार्डाची लांबी आणि उरलेली जागा, रॅमची उंची. एकही रिकामा असेल तर ऑर्डर थांबवा.

## टप्पा ५: फॅन किती आणि कुठे

समोर तीन १२० मिमी किंवा दोन १४० मिमी आत घेणारे, मागे एक १२० मिमी बाहेर टाकणारा. बहुतेकांना एवढंच पुरतं. कार्ड २०० वॅटच्या वर असेल तर छताच्या मागच्या भागात आणखी एक बाहेर टाकणारा. छताच्या पुढच्या भागात बाहेर टाकणारा फॅन लावू नका. समोरून आलेली ताजी हवा कूलरपर्यंत पोचायच्या आधीच तो ओढून नेतो.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवा. मग फटींतून हवा बाहेर ढकलली जाते, आणि धूळ फक्त जाळीतूनच येऊ शकते. उलट झालं की मागच्या प्रत्येक भोकातून धूळ आत ओढली जाते. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा भुसा, नंतर कापसाच्या जिनिंगचे तंतू आणि एप्रिलपासून वावटळी, हे सगळं लक्षात घेता हा मुद्दा आपल्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी मोठा आहे.

फॅनची दिशा ओळखायची तर ज्या बाजूला मोटरला धरणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात, हवा त्या बाजूने निघते.

> सावधान: लाइटच्या पिनांत घोळ करू नका. ३ पिनची एआरजीबी ५ व्होल्टची असते, ४ पिनची आरजीबी १२ व्होल्टची. ५ व्होल्टची वायर १२ वर लावली की लाइट जळतात.

## टप्पा ६: जोडणीचा क्रम

1. कॅबिनेटमधले पितळी स्टँड बोर्डाच्या भोकांशी जुळवा. जास्तीचा एकही स्टँड बोर्डाखाली राहू देऊ नका, शॉर्ट होतो.
2. बोर्ड टेबलावर असतानाच प्रोसेसर, एम.२ एसएसडी, रॅम आणि कूलरचा ब्रॅकेट बसवा. एसएसडीवरच्या हीटसिंकच्या पॅडची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका.
3. बोर्ड आत घेतल्यावर, मोठा कूलर किंवा रेडिएटर लावायच्या आधी, वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिन वायर जोडा. नंतर तिथे बोटं जात नाहीत, आणि मग सगळं पुन्हा उतरवावं लागतं.
4. कूलरच्या तळावरची फिल्म काढा. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधली बारीक फट भरणारी) मध्यभागी वाटाण्याएवढी. लांबट इंटेलवर त्याच्या वर-खाली आणखी दोन छोटे थेंब. पसरवत बसू नका, दाबाने ती पसरते.
5. स्क्रू एकाआड एक, दोन-दोन फेऱ्या. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली तर पेस्ट एका कडेला जाते आणि काही कोअर इतरांपेक्षा १०-१५ अंश जास्त दाखवतात.
6. कूलरचा फॅन सीपीयू फॅन पिनवर, पंप त्याच्या वेगळ्या पिनवर पूर्ण वेगात.
7. कार्डांसाठीच्या रिकाम्या पीसीआय जागांच्या पट्ट्या आणि मागच्या पोर्टभोवतीची आय/ओ शील्ड बसवाच; शील्ड सुटी असेल तर ती बोर्ड आत घेण्याआधीच. त्या फटींतून पाली आणि झुरळं आत जातात, आणि पाल एसएमपीएसपर्यंत गेली तर नुकसान मोठं होतं.

लिक्विड कूलर असेल तर रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहिला पाहिजे. छताला लावणं उत्तम. समोर लावलात तर नळ्या खालच्या बाजूला ठेवा. रेडिएटर तळाला लावला की हवेचे बुडबुडे पंपात जमतात, आधी घरघर येते आणि मग पंप संपतो.

> तपासणी: चालू करून एक उदबत्ती मागच्या पीसीआय पट्ट्यांजवळ धरा. धूर बाहेर ढकलला गेला तर दाब बरोबर आहे. आत ओढला गेला तर मागच्या फॅनचा वेग कमी करा.

## टप्पा ७: फॅनचा वेग आणि चाचणी

बायोसमधला तयार वेग थंड खोलीसाठी बनवलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात काही न करताही प्रोसेसर ५० वर असतो, त्यामुळे फॅन सतत वर-खाली होतात. अशी सुरुवात करा: ६० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७५ ला ६० टक्के, ८५ ला १०० टक्के, आणि वेग बदलायला २-३ सेकंदांचा विलंब.

चाचणी दुपारी ३ ला, काच लावून. आधी खोलीचं तापमान लिहा. प्रोसेसरवर पूर्ण जोर टाकणारं सिनेबेंच सॉफ्टवेअर १० मिनिटं चालवा, आकडे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो मध्ये तापमान आणि वॅट दोन्ही बघा. मग ओसीसीटी या चाचणी सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर आणि कार्ड एकत्र ३० मिनिटं. जानेवारीत चाचणी करत असाल आणि खोली २४ वर असेल, तर मिळालेल्या आकड्यात १६ मिळवून मे महिन्याचा आकडा काढा.

आकडा जास्त आला तर कूलर बदलायला धावू नका. आधी कारण शोधा:

- काच काढली आणि ५ अंशांपेक्षा जास्त उतरलं: दोष कॅबिनेटच्या हवेत आहे. समोरचे फॅन वाढवा, जाळी साफ करा.
- काच काढून काहीच फरक नाही: कूलरची बसवणी, पेस्ट किंवा वॅट.
- काम सुरू होताच दोन-तीन सेकंदांत ९५-१००: फिल्म राहिली आहे, कूलर सैल आहे, नाहीतर पंप बंद आहे. लगेच थांबवा.
- हळूहळू, अर्ध्या तासात चढत जातं: खोलीच तापते आहे. ३५० वॅटचा पीसी बंद खोलीत ३५० वॅटचा हीटरच असतो. खिडकी उघडा.

वॅटचा दोष निघाला तर रायझनमध्ये ६५ वॅटचा इको मोड (वॅट कमी करणारी सेटिंग) लावा. इंटेलमध्ये दोन्ही वॅट मर्यादा कंपनीच्या आकड्यांवर आणा, कारण कित्येक मदरबोर्ड त्या मोकळ्याच सोडतात. कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून बघा. उन्हाळ्याचे चार महिने हे फुकटातलं कूलिंग आहे.

## टप्पा ८: पाण्याचा कूलर, लाईट आणि धूळ

पाण्याचा कूलर चालू असेल तर पीसीला फायदाच होतो, पण झोत थेट कॅबिनेटवर नको. पाच-सहा फूट अंतर ठेवा, दिशा वळवा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. तुषार उडत असतील तर त्यांचा पांढरा थर फॅनवर आणि बोर्डावर बसतो, आणि धुळीशी मिळून तो निघता निघत नाही. समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीतली हवा दमट होते आणि कूलर गार करणं थांबवतो.

लाईट गेली, पीसी इन्व्हर्टरवर चालू राहिला आणि कूलर बंद पडला, तर गेम किंवा रेंडर थांबवा. पत्र्याच्या खोलीत तापमान फार लवकर चढतं.

जाळ्या मार्च ते जून दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा. धुतल्या तर पूर्ण वाळवूनच लावा. आतून ब्लोअर दर दोन-तीन महिन्यांनी, प्लग काढून, अंगणात नेऊन, एक फूट अंतरावरून. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा. जोरात फिरू दिली तर बेअरिंग खराब होतं. टॉवरच्या पात्यांमध्ये कापसाचा थर घट्ट बसला असेल तर आधी रंगकामाच्या कोरड्या ब्रशने सैल करा. पीसी बंद असताना झाकायला कापडी कव्हर चालेल, पण चालू करण्याआधी ते पूर्ण काढा.

पेस्ट तीन-चार वर्षांनी बदला, किंवा खोलीच्या तुलनेतली वाढ आधीच्या नोंदीपेक्षा ८-१० अंशांनी वाढलेली दिसली की लगेच. पीसी कुरिअरने किंवा एसटी पार्सलने पाठवायचा असेल तर टॉवर कूलर आणि ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं पॅक करा. किलोभर वजनाचा कूलर रस्त्यातल्या धक्क्यांनी सॉकेट वाकवतो.